वेल्समधील गृहनियोजन आणि स्थानिक लोकशाही

घरे कोठे, किती आणि कोणासाठी बांधावीत हे ठरवणारी वेल्समधील सार्वजनिक व्यवस्था. युनायटेड किंग्डमचा घटक देश असलेल्या वेल्समध्ये 1997 च्या सार्वमतानंतर 1999 मध्ये कार्डिफ येथे निर्वाचित सभा स्थापन झाली. 2020 पासून ही सभा ‘सेनेद’ या नावाने ओळखली जाते. गृहनिर्माण आणि जमिनीच्या वापराचे नियोजन हे दोन्ही विषय तिच्या अखत्यारीत येतात.

बांधकामाच्या बहुतेक परवानग्या मात्र 22 स्थानिक परिषदा आणि 3 राष्ट्रीय उद्यानांची प्राधिकरणे देतात. 2004 च्या कायद्यानुसार यांपैकी प्रत्येक संस्थेला स्थानिक विकास आराखडा तयार करावा लागतो. त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात आणि त्यानंतर स्वतंत्र निरीक्षक त्याची जाहीर तपासणी करतो. आराखडा वेल्स शासनाच्या 2021 मधील राष्ट्रीय आराखड्याशी सुसंगत असावा लागतो. एखादी जमीन घरांसाठी राखून ठेवली गेली की तेथील प्रस्ताव नाकारणे परिषदेला अवघड जाते. शिवाय परवानगी नाकारली तर विकासकाला अपील करता येते, पण परवानगी मिळाल्यास शेजारच्या रहिवाशांना तसे अपील उपलब्ध नाही. त्यामुळे लोकमताचे खरे वजन आराखड्याच्या टप्प्यावरच पडू शकते, आणि नेमका तोच टप्पा सामान्य नागरिकांच्या सर्वांत कमी लक्षात येतो.

या व्यवस्थेतील सर्वांत गंभीर पेच ईशान्य वेल्समधील रेक्सम येथे उभा राहिला. निरीक्षकांनी स्वीकारार्ह ठरवलेला आराखडा तेथील परिषद सदस्यांनी 2023 मध्ये दोनदा मतदानाने फेटाळला. घरांची संख्या, तसेच रस्ते, शाळा आणि आरोग्यसेवा यांवर पडणारा ताण हे विरोधाचे मुख्य मुद्दे होते. विकासकांनी उच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला. त्यानंतर, न्यायालयाचा अवमान होईल या धास्तीच्या छायेत, परिषदेने त्याच वर्षाच्या अखेरीस आराखडा स्वीकारला. डिसेंबर 2024 मध्ये अपील न्यायालयाने ही स्वीकृती रद्द केली: कायद्याने परिषदेला आराखडा स्वीकारण्याचा अधिकार दिला आहे, स्वीकारण्याची सक्ती केलेली नाही, असा त्या निकालाचा आशय होता. ज्या मतदानात ‘नाही’ म्हणण्याची मुभाच नाही ते मतदान नव्हे, हे सदस्यांचे म्हणणे त्यामुळे कायद्याच्या पातळीवर मान्य झाले. मात्र आराखडाच नसला तर अर्जांचा निर्णय कोणत्या आधारे करायचा, हा प्रश्न या निकालाने सुटत नाही.

वायव्येकडील ग्विनेदमध्ये परिषदेने स्वतःच पुढाकार घेतला. येथे 2021 च्या जनगणनेनुसार सुमारे 64 टक्के लोक वेल्श बोलू शकतात. सुट्टीपुरत्या वापरल्या जाणाऱ्या घरांमुळे किमती वाढून तरुणांना गाव सोडावे लागते, ही तेथील जुनी आणि रास्त तक्रार आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये वेल्स शासनाने मुख्य घर, दुय्यम घर आणि अल्पमुदतीने भाड्याने दिलेले घर असे तीन स्वतंत्र वापरवर्ग (इमारतीचा वापर कशासाठी होतो यानुसार नियोजनात केलेले प्रकार) केले, तर एप्रिल 2023 पासून परिषदांना दुय्यम घरांच्या स्थानिक घरकरावर 300 टक्क्यांपर्यंत अधिभार लावण्याची मुभा दिली. ग्विनेद परिषदेने 1 सप्टेंबर 2024 पासून मुख्य घराचे दुय्यम घरात रूपांतर करण्यासाठी नियोजन परवानगी आवश्यक केली. असे पाऊल उचलणारी ती वेल्समधील पहिली परिषद होय. या निर्णयालाही विरोधकांनी न्यायालयात आव्हान दिले.