ठेवायची कोणती, काढायची कोणती : लार्ज फॉरमॅट लेन्सेसमागचा इतिहास

४×५ किंवा ८×१० इंचांची सुटी फिल्म, मागे घासलेली काच, मधे भाता आणि पुढे बोर्डावर बसवलेली लेन्स, एवढाच लार्ज फॉरमॅट कॅमेरा. त्याला कुठल्याही कंपनीची, कुठल्याही काळातली लेन्स चालते. बोर्डाला मापाचं भोक पाडलं की काम झालं. या सोयीपायीच कपाटात नको इतक्या लेन्सेस साठतात. त्यात २००० नंतर व्यावसायिक स्टुडिओ डिजिटलकडे वळले, त्यांचा माल स्वस्तात बाहेर आला आणि हौशी लोकांनी तो भराभर उचलला. आता आवराआवर करताना बहुतेक जण ब्रँडची नावं समोर ठेवून भांडत बसतात. त्यापेक्षा कोणती लेन्स कोणत्या अडचणीतून जन्मली हे पाहिलं, तर निवड बरीच सोपी होते.

पहिली अडचण उजेडाची. १८३९ मध्ये डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीच्या पत्र्यावरचं छायाचित्रण, जाहीर झालं तेव्हा पॅरिसच्या शेव्हालिए यांची लेन्स एफ/१५ च्या आसपास होती (एफचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी), म्हणजे माणसाचं चित्र घ्यायचं तर त्याला मिनिटं मोजत ताठ बसवणं आलं. १८४० मध्ये व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी आकडेमोड करून एफ/३.६ ची लेन्स आखली आणि फोइग्टलेंडर यांनी ती घडवली. मध्यभाग लख्ख, कडा मात्र भोवऱ्यासारख्या फिरलेल्या. त्या काळी हा दोष होता. आज ओल्या कोलोडियनवर, म्हणजे काचेवर ओलं रसायन पसरून चित्र घेण्याच्या जुन्या पद्धतीवर, काम करणारे नेमक्या त्या भोवऱ्यासाठी पैसे मोजतात. चांगली जुनी पेट्झवाल हाताशी असेल आणि आपण पोर्ट्रेट करत नसू, तर ती विकायला हरकत नाही.

पुढची अडचण कडांची. १८६६ मध्ये डॉलमायर यांची रॅपिड रेक्टिलिनियर आणि श्टाइनहाइल यांची अप्लानाट जवळजवळ एकाच वेळी आल्या. इमारतींच्या रेषा सरळ उमटू लागल्या, पण कडेची धूसरता हटेना, कारण तशी काचच उपलब्ध नव्हती. ती ओटो शॉट आणि एर्न्स्ट आबे यांनी येना गावात १८८० च्या दशकात तयार केली. त्यानंतर दहा-बारा वर्षांत जे घडलं, त्याच्या पुंजीवर हा व्यवसाय अजून चालला आहे. १८९० मध्ये झाइसच्या पाउल रुडोल्फ यांची अनॅस्टिग्मॅट, म्हणजे कडेपर्यंत स्पष्ट चित्र देणारी, लेन्स आली, ती पुढे प्रोटार म्हणून ओळखली गेली. १८९२ मध्ये एमिल फॉन ह्योग यांनी आखलेली गोएर्त्झची डॅगॉर, पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये डेनिस टेलर यांची कुक ट्रिप्लेट आणि १९०२ मध्ये पुन्हा रुडोल्फ यांचीच टेसार.

डॅगॉरपाशी जरा थांबायला हवं. तिच्यात काचा सहा, पण तीन-तीन चिकटवून त्यांचे दोनच गट केलेले. हवेला भिडणारे पृष्ठभाग फक्त चार. लेप नसलेल्या काचेचा दर पृष्ठभाग चारेक टक्के उजेड परतवतो. चार पृष्ठभागांत सुमारे १५ टक्के जातो, आठांत जवळपास ३० टक्के. त्यातला काही उजेड चित्रावर धुकं होऊन पसरतो. रुडोल्फ यांनी १९१८ मध्ये प्लाझमॅट आखली, सहा काचा चार गटांत, दोष दुरुस्त करायला जास्त वाव, पण या धुक्यामुळे तिचं लगेच राज्य आलं नाही. १९३५ मध्ये झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन कमी करणारा लेप शोधला. युद्धानंतर तो सर्रास झाला आणि बाजी फिरली. आठ पृष्ठभागांची भीती उरली नाही. श्नायडरची सिमार, रोडेनस्टॉकची सिरोनार, निकॉर-डब्ल्यू या सगळ्या त्या प्लाझमॅटच्याच लेकी. कॅल्टार २-एन तर उघडउघड सिरोनार-एन, फक्त नाव निराळं.

म्हणून माझं मत असं : कपाटात १५० मिमी फोकल लेंग्थच्या तीन लेपवाल्या प्लाझमॅट असतील, तर त्यातल्या दोन जादा आहेत. फिल्मवर त्यांतला फरक ओळखून दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ४×५ च्या फिल्मवर प्रत्यक्ष उमटणाऱ्या चित्राचा कर्ण १५५ मिमीच्या आत येतो आणि या लेन्सेस एफ/२२ ला साधारण २१० ते २३० मिमीचं स्पष्ट चित्राचं वर्तुळ देतात. इमारतींसाठी लेन्स बरीच वर सरकवावी लागत असेल, तरच मोठ्या वर्तुळाचा विचार करावा. आतल्या काळ्या रंगाचे पांढरे ठिपके उडालेली जुनी श्नायडर असेल, तर उलट तीच ठेवावी. चित्राला सहसा काही होत नाही, भाव मात्र पडतो.

टेसार कुळाचं वर्तुळ लहान, पण वजन कमी. निकॉर-एम ३००, एफ/९, जेमतेम २९० ग्रॅमची आणि तरीही ८×१० कशीबशी झाकते. तीच फोकल लेंग्थ निकॉर-डब्ल्यूमध्ये घेतली तर किलोच्या वर जाते. डोंगर चढणाऱ्याने कोणती ठेवायची हे सांगायला नको. निकॉनने २००६ मध्ये लार्ज फॉरमॅटच्या लेन्सेस बंद केल्या, त्यामुळे एम हातची गेली की पुन्हा जुन्या बाजारातच शोधावी लागते.

छापखान्यांतून आलेल्या लेन्सेस हा वेगळाच प्रवाह. अपो-आर्टार, अपो-रोनार, अपो-निकॉर या प्रोसेस कॅमेऱ्यांसाठी, म्हणजे छपाईचे निगेटिव्ह काढणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यांसाठी, बनल्या. तीन रंगांचे निगेटिव्ह तंतोतंत एकाच मापाचे हवेत, ही तिथली अट. चित्रपटाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळके लोणावळ्यात हाफटोन ब्लॉकचं काम करत, ते याच विद्येचं. स्कॅनर आल्यावर हे कॅमेरे भंगारात गेले आणि उत्तम काच कवडीमोलाने सुटली. दूरच्या दृश्यालाही ती एफ/२२ वर छान चालते. बहुतेकींना शटर नसतं, म्हणून विकून फारसं हाती लागत नाही. जागा असेल तर राहू द्यावी.

मृदू चित्र देणाऱ्या, वोलेनसॅक व्हेरिटोसारख्या लेन्सेसची गत उलटसुलट झाली. १९३२ मध्ये ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आणि मंडळींनी सॅन फ्रान्सिस्कोत ग्रुप एफ/६४ काढला आणि काटेकोर स्पष्टतेचा आग्रह धरला. तेव्हापासून अडगळीत पडलेल्या या लेन्सेसना आता पुन्हा मागणी आहे.

राहिलं शटर. म्युनिकच्या डेकेलने १९१२ मध्ये कॉम्पूर आणलं आणि पुढे ०, १, ३ ही मापं रूढ झाली. जपानच्या कोपालनेही तीच पाळली, आणि आता कोपालची शटरही नव्याने बनत नाहीत. काच शंभर वर्षं टिकते, शटरमधल्या स्प्रिंगा आणि दाते टिकतीलच असं नाही. तेव्हा विकण्याआधी एक सेकंद, अर्धा, पाव असे हळू वेग कान देऊन ऐकावेत. आणि वर ज्या दोन प्लाझमॅट जादा म्हटल्या, त्यांपैकी जिचं शटर ठणठणीत आहे ती एक मागे ठेवावी. तिचे पुढचे-मागचे काचगट काढून त्याच मापाच्या दुसऱ्या लेन्सचे गट सहसा तिथे बसतात. फक्त छिद्राची (एफ आकड्यांची) पट्टी मूळ लेन्सची असते, ती नव्याने आखून घ्यावी लागते.