शॉर्टकट-खुणा (वेब)

वेबपृष्ठावरच्या बटणावर, मेनूच्या ओळीत, शोधपेटीच्या कडेला किंवा टूलटिपमध्ये (माउस नेल्यावर उमटणाऱ्या चिठ्ठीत) ‘हेच काम कळफलकावरून असे होते’ हे सांगणारा छोटा मजकूर म्हणजे शॉर्टकट-खूण. ‘जतन करा’च्या पलीकडे फिक्या रंगात दिसणारे ‘कंट्रोल + एस’ हे तिचे नेहमीचे उदाहरण आणि कळीच्या टोपीसारखी गोलसर कोपऱ्यांची चौकट हे तिचे ओळखीचे रूप. (कळांची नावे या नोंदीत उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, पडद्यावर ती बहुधा रोमन अक्षरांत असतात.) डिझाइनच्या कामात ही खूण अगदी शेवटी, उरलेल्या जागेत बसवली जाते. वास्तविक ती एक विधान करत असते: ही कळ दाबा, हे काम होईल. वापरणाऱ्याच्या हाताखालच्या कळफलकावर ते विधान खरे ठरत नसेल, तर चौकट कितीही देखणी असली तरी तिचा उपयोग नाही. म्हणून चौकटीच्या रंगाआधी आतल्या अक्षरांचा विचार करावा लागतो.

पूर्वपीठिका

शॉर्टकट मेनूतच लिहून ठेवायची रीत वेबच्या आधीची आहे. १९८४ मध्ये आलेल्या ॲपल मॅकिंटॉशच्या मेनूत उजव्या कडेला कमांड कळीचे चिन्ह आणि त्यापुढे एक अक्षर असे. ते ⌘ चिन्ह मॅकिंटॉशच्या चित्रखुणा काढणाऱ्या सुझान केअर यांनी निवडले. आधी तिथे ॲपलचे सफरचंद होते, पण एकेका मेनूत इतकी सफरचंदे दिसू लागली की स्टीव्ह जॉब्झ यांना ती नकोशी झाली. केअर यांनी चिन्हांचा कोश चाळून स्वीडनमध्ये प्रेक्षणीय जागा दाखवण्यासाठी वापरली जाणारी ही चार फासांची गाठ उचलली. युनिकोडमध्ये तिचा क्रमांक २३१८ आहे आणि तिथे तिचे अधिकृत नाव आजही ‘प्रेक्षणीय स्थळाची खूण’ अशाच अर्थाचे आहे.

विंडोजने वेगळी वाट धरली. मेनूतल्या शब्दाचे एक अक्षर अधोरेखित करायचे आणि ऑल्टबरोबर ते दाबायचे. विंडोज २००० पासून या अधोरेखा ऑल्ट दाबेपर्यंत लपवल्या जाऊ लागल्या. ऑफिस २००७ मध्ये ऑल्ट दाबताच प्रत्येक बटणावर अक्षराची छोटी चिठ्ठी उमटू लागली, तर २०१५ च्या आयओएस ९ पासून आयपॅडला जोडलेल्या कळफलकावर कमांड दाबून धरली की शॉर्टकटची यादी समोर येते. खूण कायम छापलेली ठेवावी की मागितल्यावर दाखवावी, हा आज वेबवर चालणारा वाद तेव्हापासूनचा आहे. मेनूत ती कायम असावी, कारण मेनू उघडणारा माणूस वाचायलाच आलेला असतो. दाटीवाटीच्या टूलबारवर मात्र ती टूलटिपमध्ये ठेवलेली बरी.

वेबपृष्ठे ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये खुणेसाठी स्वतंत्र टॅग (हा मजकूर काय आहे हे ब्राउझरला सांगणारी चिठ्ठी) पहिल्यापासून आहे. नोव्हेंबर १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्येच ‘केबीडी’ हा टॅग होता. त्याचा मूळ अर्थ ‘वापरणाऱ्याने टंकायचा मजकूर’ असा व्यापक आहे. प्रत्येक कळ वेगळी दाखवायची असेल तर बाहेर एक केबीडी आणि आत कळीगणिक एकेक केबीडी, अशी मांडणी आजचे एचटीएमएल मानक सुचवते. डिसेंबर १९९७ मध्ये एचटीएमएल ४.० ने दुव्याला किंवा बटणाला कळ जोडून देणारा ‘ॲक्सेसकी’ हा गुणधर्म आणला. कल्पना चांगली होती, पण बहुतेक ब्राउझरांनी त्या कळीची खूण कुठे दाखवलीच नाही. शिवाय विंडोजवर क्रोममध्ये ऑल्ट, फायरफॉक्समध्ये ऑल्ट-शिफ्ट, मॅकवर कंट्रोल-ऑप्शन अशी दर ठिकाणी वेगळी जोडणी. लिहिणाऱ्याला एकच खरी खूण छापणे अशक्य झाले आणि गुणधर्म अडगळीत गेला. त्याचा नेटका वापर मीडियाविकी या विकी चालवणाऱ्या प्रणालीने केला. त्या प्रणालीवरच्या दुव्यावर माउस नेला की टूलटिपच्या शेवटी कंसात जोडणी दिसते, आणि ती समोरचा ब्राउझर ओळखून जागच्या जागी तयार केलेली असते. मराठी विकिपीडियाही याच प्रणालीवर चालतो.

चौकटीची घडण

ब्राउझर स्वतःहून केबीडीला फक्त समरुंद, म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखी जागा देणारा फॉन्ट लावतो. चौकट लेखकाने सीएसएसने, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेने, काढायची. इथेच पहिली ठेच लागते. आजूबाजूचा मजकूर १६ पिक्सेलचा असला तरी समरुंद फॉन्टचा मूळ आकार ब्राउझर १३ पिक्सेल धरतात. त्यावर ‘खूण थोडी लहान हवी’ म्हणून ०.८५ एम (एम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढे एकक) दिले, की अक्षरे ११ पिक्सेलच्या आसपास जातात आणि चष्मा असूनही वाचता येत नाहीत. फॉन्टच्या यादीत समरुंद हा शब्द दोनदा लिहिला की हे आकुंचन थांबते. उपाय विचित्र दिसतो, पण अनेक वर्षे तोच वापरला जातो आहे. पानाचाच फॉन्ट खुणेला देणे हा दुसरा मार्ग. मात्र एकट्या अक्षराच्या चौकटीत शून्य आणि ‘ओ’, मोठा ‘आय’ आणि लहान ‘एल’ यांत गल्लत होते का, ते आधी पाहावे.

चौकटीची मापे एम या एककात द्यावीत, म्हणजे वाचकाने अक्षर मोठे केले की चौकटही वाढते. किमान रुंदी उंचीएवढी ठेवली की ‘आय’सारखे सडपातळ अक्षरही चौरसात बसते आणि शेजारच्या ‘डब्ल्यू’पुढे केविलवाणे दिसत नाही. ओळ मोडण्यास मनाई करावी. ‘कंट्रोल’ एका ओळीच्या टोकाला आणि ‘एस’ खालच्या ओळीत गेला तर खूण वाचणाऱ्याला दोन वेगळ्या कळा दिसतात. मेनूत खुणा उजव्या कडेला एका रेषेत याव्यात म्हणून डावीकडचा समास ‘ऑटो’ करतात. तो ‘डावा’ असे न लिहिता ‘आरंभाचा’ म्हणून लिहिला, की उर्दू किंवा अरबी पानावर मांडणी आपोआप उलटते. जोडणी मात्र त्या पानांवरही डावीकडून उजवीकडेच वाचली जावी लागते, म्हणून तिची दिशा वेगळी बांधून द्यावी.

कळीचा उठाव दाखवण्यासाठी खालची कड जाड करतात किंवा आतून बारीक सावली देतात. बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस-संचाने गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे रूढ केली, तर गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाची खूण फिकट, पातळ कडेची आणि खालून किंचित उचललेली असते. चव ज्याची त्याची. फक्त सावलीच्या भरवशावर चौकट उभी करू नये, एवढे खरे. दृष्टी अधू असलेले अनेक जण विंडोजमध्ये ठळक रंगांची सक्तीची योजना चालू ठेवतात. त्या योजनेत ब्राउझर सगळ्या सावल्या काढून टाकतो आणि कड तेवढी उरते. कडच नसेल तर खूण शेजारच्या शब्दात मिसळून जाते.

रंगाची चूक याहून जास्त आढळते. खूण दुय्यम वाटावी म्हणून ती इतकी फिकी करतात की ती फक्त करणाऱ्यालाच दिसते. पांढऱ्यावर #९९९ या करड्या रंगाचा कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) २.८५ ला १ एवढाच भरतो. वेबच्या सुगम्यता निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ लागतो आणि तो #७६७६७६ वर जेमतेम गाठला जातो. दुय्यमपणा आकाराने किंवा वजनाने दाखवता येतो. त्यासाठी शाई पातळ करायची गरज नाही.

अधिक, मग आणि क्रम

दोन कळा एकत्र दाबायच्या की एकामागून एक, हे खुणेतून कळलेच पाहिजे. विंडोज-लिनक्सवर कळांमध्ये अधिक चिन्ह असते. मॅकवर चिन्हे नुसती एकापुढे एक येतात आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे: ⌃ ⌥ ⇧ ⌘ (कंट्रोल, ऑप्शन, शिफ्ट, कमांड), मग अक्षर. जीमेलमध्ये इनबॉक्सकडे जाण्यासाठी आधी ‘जी’ आणि ती सोडून ‘आय’ दाबतात. हा क्रम दोन चौकटी नुसत्या शेजारी ठेवून दाखवला, तर मॅकची सवय असलेला दोन्ही एकदम दाबणार. मध्ये ‘मग’ हा साधा शब्द चौकटीबाहेर लिहिला की प्रश्न मिटतो. अक्षर मोठ्या लिपीत (कॅपिटल) दाखवले म्हणजे शिफ्ट हवी, असा अर्थ बहुतेक लोक घेत नाहीत, कारण कळीच्या टोपीवर मोठेच अक्षर छापलेले असते. लहान आणि मोठ्या अक्षराला वेगवेगळी कामे असतील तिथे शिफ्टची चौकट वेगळी काढावी.

कंट्रोल लिहायचे की कमांड, हे वापरणाऱ्याच्या यंत्रावर ठरते आणि ते ओळखणे वाटते तेवढे सोपे नाही. पान सर्व्हरवर तयार होताना बहुधा यंत्र माहीत नसते, त्यामुळे आधी ‘कंट्रोल’ उमटते आणि क्षणभराने तिथे ⌘ येते. ही लुकलुक टाळण्यासाठी पानाच्या शिरोभागातच छोटी तपासणी करून मूळ टॅगवर नोंद करतात आणि दोन्हींपैकी एक खूण सीएसएसने दाखवतात. क्रोमियमवर बांधलेले (क्रोम, एजसारखे) ब्राउझर यंत्राचे नाव पानाच्या मागणीसोबतच वेगळे पाठवतात, तेव्हा सर्व्हरलाही ते वाचता येते. सफारी आणि फायरफॉक्स तसे पाठवत नाहीत. आयपॅड २०१९ पासून स्वतःला मॅक म्हणवतो, म्हणून कळफलक न जोडलेल्या आयपॅडवरही ‘⌘ के’सारखी खूण झळकते. बोटाने चालवायच्या पडद्यावर खुणा लपवण्याची पद्धत आहे, पण कळफलक खरोखर जोडलेला आहे का हे विचारण्याची सोय सीएसएसमध्ये नाही. असा अंदाज चुकणारच आणि तो चुकला तरी काम अडू नये, असे धरूनच मांडणी करावी. जर्मन कळफलकावर कंट्रोलच्या जागी ‘श्टॉयरुंग’चे लघुरूप छापलेले असते, हेही अनुवाद करणाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगे.

ऐकणाऱ्यांसाठी

खूण बटणाच्या आत लिहिली की स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारी प्रणाली) ती बटणाच्या नावातच मिसळून वाचतो. म्हणून दिसणारी चौकट त्याच्यापासून लपवून जोडणी ‘एरिया-कीशॉर्टकट्स’ या गुणधर्मात देतात. तो डिसेंबर २०१७ च्या वाय-एरिया १.१ या सुगम्यता-मानकात आला. त्यात लघुरूपे चालत नाहीत. ‘कंट्रोल’ पूर्ण लिहावे लागते आणि कमांडला ‘मेटा’ म्हणतात. हा गुणधर्म फक्त माहिती देतो. कळ दाबल्यावर काम करण्याची जबाबदारी वेगळ्या कोडची.

एकेरी अक्षराच्या शॉर्टकटबाबत जून २०१८ चे सुगम्यता निकष कडक आहेत: ते बंद करता यावेत, बदलता यावेत किंवा त्या घटकावर फोकस (कळफलकाचा रोख) असतानाच चालावेत. बोलून संगणक चालवणाऱ्याच्या तोंडचा एखादा शब्द अक्षरे होऊन पानावर पडला तर भलतीच कामे होऊ शकतात. दृष्टिहीन वापरकर्त्याची अडचण उलटी आहे. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या वाचन-अवस्थेत ‘के’ पुढच्या दुव्यावर आणि ‘एच’ पुढच्या शीर्षकावर नेते. ती कळ पानापर्यंत पोचतच नाही. त्याच्यासाठी ‘के दाबा’ ही खूण निव्वळ चुकीची ठरते. टूलटिपमधली खूण फोकसनेही उघडली पाहिजे, एस्केपने मिटली पाहिजे आणि माउस तिच्यावर नेला तरी टिकली पाहिजे.

देवनागरी पानावर

मराठी इंटरफेसमध्ये कळांची नावे भाषांतरित करू नयेत. आपल्याकडच्या कळफलकांवर रोमन अक्षरे छापलेली असतात, काहींवर जोडीला देवनागरी. ‘नियंत्रण + स’ अशी कळ शोधून सापडणार नाही. अक्षरांमधले जादा अंतर मात्र शून्य ठेवावे, कारण ते वाढवले की देवनागरीची शिरोरेषा तुटते. मोठ्या लिपीचा सीएसएस आदेश देवनागरीवर चालतच नाही, तेव्हा ‘मोठी अक्षरे म्हणजे कळ’ हा भेद आपल्याकडे चौकटीनेच दाखवावा लागतो. इंग्रजीच्या मापाने घट्ट बसवलेल्या चौकटीत ‘र्की’सारख्या अक्षराची वेलांटी आणि रफार वरून, तर उकार खालून कापला जातो. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेल्या मुक्तासारख्या फॉन्टमध्ये देवनागरी व रोमन एकमेकांशी जुळवलेली असल्याने मिश्र ओळ सावरते, पण ⌘ आणि ⌥ असतीलच असे नाही. खुणेच्या फॉन्ट-यादीत शेवटी यंत्राचा स्वतःचा फॉन्ट ठेवला की रिकामे चौकोन दिसत नाहीत.

सर्वांत मोठी गोम इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलक-मांडणीत आहे. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये प्रमाणित केलेल्या या मांडणीत ‘के’च्या कळीवर क, ‘जे’वर र आणि तिरप्या रेघेच्या कळीवर य येतो. पुष्कळ संकेतस्थळे शोधपेटीपाशी तिरपी रेघ चौकटीत दाखवतात. इनस्क्रिप्ट चालू असलेल्या माणसाने तीच कळ दाबली, तर ब्राउझर पानाला ‘य’ आला असे सांगतो आणि शोधपेटी उघडत नाही. टोपीवर रेघ छापलेलीच आहे, म्हणजे खूण बरोबर. चूक मागच्या कोडची. ब्राउझर प्रत्येक कळीबरोबर दोन गोष्टी कळवतो: उमटलेले अक्षर आणि कळीची जागा. आधी अक्षर तपासावे आणि ते रोमन नसेल तरच जागेकडे पाहावे. नुसत्या जागेवर विसंबले तर फ्रेंच कळफलकावर ‘ए’ आणि ‘क्यू’, जर्मनवर ‘वाय’ आणि ‘झेड’ यांची अदलाबदल होते.

मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्यांना देवनागरी आणि रोमन यांची अदलाबदल रोजची. तिथल्या अंगभूत टंकनसोयीत कंट्रोल-एम दाबले की देवनागरी बंद होते, पुन्हा दाबले की चालू. ती फक्त मजकुराच्या पेटीत काम करते. पेटीबाहेर आल्यावर कळा पुन्हा रोमन होतात, आणि तिथल्या टूलटिपमधली कंसातली जोडणी छापल्याप्रमाणे चालते.