गोळी वेगळी, काडतूस वेगळं

'आरोपीकडून पिस्तूल आणि दोन जिवंत काडतुसे जप्त' इथपर्यंत बातमी बरोबर असते. पुढच्या परिच्छेदात त्याच काडतुसांच्या 'दोन गोळ्या' होतात आणि घोळ सुरू होतो.

काडतूस म्हणजे अख्खा ऐवज: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. गोळी म्हणजे फक्त ते टोक. ९ मिमीचं काडतूस साधारण १२ ग्रॅम भरतं; त्यातली गोळी बहुधा साडेसात-आठ ग्रॅमची.

हे सुटं सुटं बघायचं तर अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांच्या टेबलाशी जावं. वापरलेल्या पुंगळ्या ते घरीच पुन्हा भरतात. एखादीत दारू जास्त पडल्याची शंका आली, की ते काडतूस झाडत नाहीत, उकलतात. त्यासाठी पोकळ डोक्याचा प्लास्टिकचा हातोडा मिळतो. पुंगळीची कड पकडीत अडकवायची, गोळीचं तोंड पोकळीकडे, आणि हातोडा लाकडी ठोकळ्यावर आपटायचा. एसटीने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे जातात ना, तसंच. पुंगळी हातोड्याबरोबर थांबते, गोळी मात्र पुढे निसटते. दोन-तीन ठोक्यांत पोकळीत गोळी आणि दारूचे करडे दाणे सांडलेले दिसतात. पुंगळी वर अडकलेली, आणि तिच्या बुडाचा प्रायमर अजून शाबूत. .२२ इंची छोट्या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच असतो, म्हणून ते या हातोड्यात कधीच घालायचं नाही. (आपल्याकडे प्रयोगाचा विचारही नको, विनापरवाना काडतूस बाळगणं हाच १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.)

झाडल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. गोळी नळीतून जाते, पिस्तूल पुंगळी बाजूला फेकतं. पंचनाम्यातल्या 'रिकाम्या पुंगळ्या' त्या याच. रिव्हॉल्व्हरची पुंगळी चक्रातच राहते, त्यामुळे रस्त्यावर काही सापडेलच असं नाही. शवविच्छेदनात निघते ती गोळी. 'शरीरातून काडतूस काढले' असं छापून आलं, तर काडतूस न झाडता गिळलं होतं की काय, असं वाटतं.

१८५७चं प्रकरण मात्र खरोखर काडतुसाचंच. एनफील्ड ठासणीची बंदूक, धातूची पुंगळी नाहीच. कागदाच्या सुरळीत दारू आणि गोळी. टोक दातांनी फाडून दारू नळीत ओतायची, मग गोळी गजाने ठासायची. चरबीचा संशय होता तो त्या कागदाबद्दल. शिशाची गोळी कुणी चावत नव्हतं.