सर्दीची गोळी, पांढरा पट्टा आणि सेंटिमीटर

सांगली जिल्ह्यात गाळप हंगाम आणि थंडीतली सर्दी एकदमच सुरू होतात. कारखान्याच्या आवारात रात्रभर नंबराला थांबलेला ट्रॅक्टरवाला मेडिकलमधून सर्दीची गोळी घेतो आणि उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतानाच ती गिळतो. पोलिसांनी अडवून तोंडाला मशीन लावलं, तर दारू कळेल. गोळी कळणार नाही.

कायद्यात औषधाचा हा अंमल जुनाच आहे. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात दारूच्या शेजारीच ‘ड्रग’ हा शब्द होता. 1988 च्या कायद्याच्या कलम 185 ने दारूला आकडा दिला: 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. ड्रगसाठी कसोटी मात्र तीच राहिली, वाहनावर ताबा ठेवता न येण्याइतका अंमल. तो मोजायचा कसा?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर नेदरलँड्समधून आलं. 1980 च्या सुमारास संशोधक जेम्स ओ’हॅनलन आणि सहकाऱ्यांनी औषध घेतलेल्या माणसांना थेट हायवेवरच गाडी चालवायला लावली. सुमारे 100 किलोमीटर, ताशी 95 चा वेग. शेजारी प्रशिक्षक, त्याच्याकडेही ब्रेक. गाडीवरचा कॅमेरा पांढऱ्या पट्ट्यापासूनचं अंतर सतत टिपत राहायचा. सरळ चालवतोय असं वाटत असतानाही गाडी लेनमध्ये थोडी डुलतेच. औषधाने हे डुलणं किती सेंटिमीटर वाढलं, एवढंच मोजायचं. रक्तातली दारू 50 मिलिग्रॅमवर गेली की ते साधारण अडीच सेंटिमीटरने वाढतं. मग औषधंही याच पट्टीवर मापता आली. 1982 साली डायझेपाम या मन शांत करणाऱ्या गोळीचे निष्कर्ष ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात छापून आले. (आपल्या कारखान्याच्या रस्त्यावर ही चाचणी घ्यायची, तर आधी पट्टे मारून घ्यावे लागतील.)

सर्दीच्या गोळीचं खरं रूप कळलं ते 2000 साली, अमेरिकेत आयोवामधल्या सिम्युलेटरवर, म्हणजे गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर. डायफेनहायड्रामिन हे जुनं अ‍ॅलर्जीचं औषध घेतलेल्यांनी दारू प्यायलेल्यांपेक्षाही वाईट गाडी चालवली. फेक्सोफेनाडिन हे नव्या पिढीतलं अ‍ॅलर्जीचं औषध घेतलेले मात्र नुसती साखरेची गोळी घेतल्यासारखे नीट चालवत होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ‘मला पेंग येतेय’ किंवा ‘येत नाही’ या चालकाच्या सांगण्यावरून त्याचं चालवणं किती बिघडलंय याचा भरवसा धरता येत नव्हता. ‘मला काय होत नाही’ या आपल्याकडच्या ठाम वाक्याची त्यात बोळवणच झाली. आपल्या सर्दीच्या कित्येक गोळ्यांत असणारं क्लोरफेनिरामिन डायफेनहायड्रामिनच्याच जुन्या पिढीतलं.

झोपेच्या गोळीचा अंमल सकाळपर्यंत उरतो, हेही असंच पुढे आलं. 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा स्त्रियांसाठीचा डोस 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणायला लावला.

फ्रान्सने 2005 पासून औषधांच्या खोक्यावर धोक्याप्रमाणे पिवळा, नारिंगी किंवा लाल त्रिकोण छापायला घेतला. आपल्याकडे मेडिकलवाला पाकिटातून कात्रीने चार गोळ्या कापून देतो; सूचना छापलेली असलीच, तर ती बहुतेक उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहते.