फाइल समोर, तरी ‘कमांड नॉट फाउंड’

परवा भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. लिनक्सच्या काळ्या खिडकीत एलएस (फोल्डरातल्या फाइली दाखवणारी कमांड) मारल्यावर ‘हॅलो’ नावाची त्याच्या प्रोग्रॅमची फाइल स्वच्छ दिसतेय आणि ती चालवायला नाव टाइप केलं तर लगेच खाली ‘हॅलो: कमांड नॉट फाउंड’. सोबत प्रश्न: “मामा, हा आंधळा आहे का?”

आंधळा नाही, शिस्तीचा आहे. आपण टाइप केलेलं वाचतो तो शेल, बहुतेकांकडे बॅश. फोल्डर बदलणाऱ्या सीडीसारख्या काही कमांड त्याच्या पोटातच असतात. बाकीच्यांसाठी तो अख्खी डिस्क धुंडाळत बसत नाही. त्याच्याकडे ‘पाथ’ नावाची यादी असते: फोल्डरांचे पत्ते आणि मध्ये कोलन, दिसायला आपला विसर्गच. डावीकडून एकेक फोल्डर बघायचं, त्या नावाचा प्रोग्रॅम मिळाला की तोच चालवायचा, पुढे जायचंच नाही. यादी संपली की हात वर करायचे आणि 127 हा आकडा परत द्यायचा. म्हणजे ‘नॉट फाउंड’चा अर्थ ‘यादीतल्या घरांत नाही’ एवढाच.

गंमत म्हणजे सापडलेला पत्ता बॅश त्या खिडकीपुरता लक्षात ठेवतो. प्रोग्रॅम दुसरीकडे हलवला तरी जुन्याच दारावर थाप मारतो! ‘हॅश वजा आर’ दिलं की विसरतो.

आपण ज्या फोल्डरात उभे आहोत ते मुद्दामच या यादीत ठेवलेलं नसतं. ते यादीत पहिलं असतं, तर सामायिक फोल्डरात कुणी एलएस नावाचा स्वतःचा प्रोग्रॅम ठेवून आपल्याकडूनच तो चालवून घेतला असता. म्हणून आपल्या फाइलच्या नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यायची: ‘ही, इथलीच’. रेघ दिसली की शेल यादी उघडतही नाही.

डेबियन या लिनक्सच्या प्रकारवाल्यांची वेगळीच तऱ्हा. 2019च्या दहाव्या आवृत्तीपासून नुसतं ‘एसयू’ करून रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, झालात तर यादी आपली साधीच राहते आणि नवा वापरकर्ता जोडणारा ‘अ‍ॅडयूजर’ डिस्कवर असूनही सापडत नाही. ‘एसयू’पुढे जागा सोडून एक वजा द्या, रूटची यादी मिळते.

यूट्यूबवर मात्र ‘लिनक्स परत टाका’, ‘ही ओळ सुडो (म्हणजे रूटचे अधिकार) लावून चिकटवा’ असले तोडगे. लिंबू-मिरची परवडली, तिने निदान डिस्क पुसली जात नाही.

संध्याकाळी भाच्याचा दुसरा फोटो आला. टिंब-रेघ दिली होती, आता ‘परमिशन डिनाइड’. म्हटलं, चला, सापडली तरी. आता सीएचमॉड अधिक एक्स करून तिला चालायची परवानगी दे.