एकच व्हीलॅन दोन डेटा सेंटरमध्ये पसरवला म्हणजे सुरक्षितता वाढत नाही

'व्हीलॅन (स्विचवर आखलेलं आभासी स्थानिक नेटवर्क) दोन्ही डेटा सेंटरमध्ये पसरवा, एक बंद पडलं तरी दुसरं चालू राहील,' हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. व्हीलॅनमध्ये फिरणाऱ्या इथरनेट फ्रेममध्ये (डेटाच्या पाकिटात) टीटीएल, म्हणजे ठरावीक टप्प्यांनंतर पाकीट टाकून द्यायला लावणारा आकडा, नसतो. त्यामुळे एका बाजूला लूप (जोडण्यांचं वर्तुळ) झाला की ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना जाणाऱ्या, फ्रेम फिरतच राहतात, लिंकवरून पलीकडे पोचतात आणि दोन्ही केंद्रं एकदमच आडवी होतात. व्हीएक्सलॅननेही (राउटिंगच्या नेटवर्कवरून व्हीलॅन पलीकडे नेणारं तंत्र) हे आपोआप टळत नाही. ब्रॉडकास्ट तोही पलीकडे नेतोच. शिवाय मधली लिंक तुटली आणि क्लस्टरला (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटाला) कोरम, म्हणजे बहुमताने मुख्य बाजू ठरवायची सोय, नसेल, तर दोन्ही बाजू स्वतःलाच मुख्य समजून लिहू लागतात, डेटाची वाट लागते. स्थलांतराच्या काळात आयपी पत्ता तोच ठेवायला व्हीलॅन तात्पुरता पसरवणं ठीक. कायमसाठी वेगळे सबनेट (प्रत्येक केंद्राचा स्वतःचा आयपी पत्त्यांचा गट), मध्ये राउटिंग आणि डीएनएसने (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेने) वळवलेली वाहतूक हेच योग्य.