कार्यकर्त्यांची गळती

चळवळीत किंवा जनसंघटनेत बिनपगारी काम करायला आलेली माणसे हळूहळू येईनाशी होणे, याला कार्यकर्त्यांची गळती म्हणतात. भांडून जाणारे थोडेच असतात. बहुतेक जण एका बैठकीला दांडी मारतात, पुढच्या फोनला 'बघतो' म्हणतात आणि मग फोन उचलत नाहीत. संघटनेच्या हे लक्षात येईपर्यंत दोन-तीन महिने उलटलेले असतात.

'निष्ठा कमी पडली' हे यावरचे नेहमीचे निदान, आणि ते बहुधा चुकते. १९६४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांच्या मतदारनोंदणीसाठी विद्यार्थी गेले होते. समाजशास्त्रज्ञ डग मॅकॲडम यांनी गेलेल्यांचे आणि ऐनवेळी माघार घेतलेल्यांचे अर्ज ताडून पाहिले. तळमळ दोघांचीही सारखीच होती. जे गेले त्यांचे जवळचे मित्रही जाणार होते आणि इतर संघटनांशी त्यांचा आधीच संबंध होता, हा मोठा फरक. दुसरे कारण थकव्याचे. 'बर्नआउट' हा शब्द हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये मानसशास्त्रात रूढ केला, तो न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांची अवस्था पाहूनच. सर्वांत मनापासून झटणारे आधी होरपळतात, हे त्यांचे निरीक्षण प्रत्येक संघटकाने लक्षात ठेवावे असे आहे.

वडोदऱ्यात ही गळती ऋतूंच्या तालावर होते. पावागडच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री शहराच्या मधून वाहते. काळा घोडा पुलापाशी पाणी २६ फुटांवर गेले की धोक्याची पातळी ओलांडली जाते. २०१९ आणि ऑगस्ट २०२४ मधल्यासारखा पूर आला की अन्नाची पाकिटे, पाणी, औषधे पोचवायला माणसांची रीघ लागते. चिखल वाळतो, नवरात्र येते आणि गरब्याच्या नऊ रात्री बैठकीला कुणी फिरकत नाही. खरे काम तर तेव्हाच सुरू व्हायचे असते: बुजवलेल्या कांसांचे (शहरातले नैसर्गिक नाले) नकाशे जुळवणे, महापालिकेकडे माहिती अधिकाराचे अर्ज करणे, ३० दिवसांत उत्तर आले नाही तर अपील करणे. या कामात गर्दी नसते, फळ लगेच दिसत नाही, आणि इथेच माणसे सुटतात. म्हणून नवरात्रात आणि उत्तरायणाच्या १४-१५ जानेवारीला बैठक ठेवूच नये. मार्चपासून परीक्षा आणि मे महिन्यात गावी जाणे असल्याने महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर त्या काळात मोठे काम टाकू नये.

गळती सर्वाधिक होते ती पहिल्या महिन्यात. नवा माणूस व्हॉट्सॲप गटात घातला जातो, दिवसाला शंभर संदेश वाचतो आणि त्याला नेमके काम कुणीच सांगत नाही. त्याला दोन दिवसांत फोन जावा, आठवड्याभरात पहिले काम मिळावे, तेही जुन्या सोबत्याबरोबर, दोन तासांत पुरे होणारे. उदाहरणार्थ, एका सोसायटीतल्या वीस घरांच्या भिंतींवरची पुराची खूण टेपने फूट-इंचांत मोजणे. टेप जमिनीवर टेकवायचा की ओट्यावर, हे आधी ठरवावे, नाहीतर आकडे जुळत नाहीत, फेरमोजणी करावी लागते आणि नव्या माणसाचा उत्साह तिथेच मावळतो. पुढच्या बैठकीत ते आकडे त्यानेच वाचून दाखवावेत. विश्वामित्रीत मगरी आहेत, तिच्यात अननुभवी माणसाला मात्र कधीही उतरवू नये.

सतरंज्या उचलायला कार्यकर्ते आणि बोलायला ठरलेले चार जण, ही जुनी खोड इथेही आहे. सूत्रसंचालन, इतिवृत्त आणि सतरंज्या पाळीपाळीने फिरवाव्यात. प्रत्येक काम दोघांना येत असावे. जबाबदारी सहा महिन्यांची असावी, म्हणजे थांबणाऱ्याला अपराधी वाटत नाही. रिक्षाभाडे आणि झेरॉक्सचे पैसे त्याच दिवशी द्यावेत. विद्यार्थी ते मागत नाहीत, येणे थांबवतात. भाषेकडेही लक्ष हवे. अर्ज गुजरातीत जातो, पण दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी घरांतली आजी पुराच्या रात्रीबद्दल मराठीतच मोकळेपणाने सांगते, आणि ते तसेच लिहून घ्यावे.

भीतीने होणारी गळती वेगळी. जमावबंदी (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३) लागू असताना मोर्चा काढला तर ताब्यात घेतले जाण्याची शक्यता आधीच स्पष्ट सांगावी, वकिलाचा नंबर कागदावर लिहून द्यावा आणि घरी कोण कळवणार ते ठरवावे. अंधारात ठेवलेला मुलगा पोलीस ठाण्यातून सुटला तरी त्याचे आईवडील त्याला पुन्हा पाठवत नाहीत.

गेलेल्यांची यादी फाडू नये. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांना एकेक फोन करावा आणि 'या ना परत' असे मोघम न म्हणता एकच काम विचारावे: 'तुमच्या गल्लीतली कांस साफ झाली का, तेवढे पाहून फोटो पाठवाल?'